गावाचे जुने फोटो जमवताना आधी पाठ बघा

आजोबांचा फोटो सहसा कोणी घराबाहेर देत नाही, आणि त्यात गैर काही नाही. फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन आपणच लोकांच्या घरी जावं. ४×६ इंची प्रिंट ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), त्याहून लहान प्रिंट १२००ला स्कॅन करावी. फाइल टिफ (तपशील न गमावणारा प्रकार), स्कॅनरची आपोआप सुधारणा (ऑटो करेक्शन) बंद. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या, म्हणजे डाग कुठला आणि छटा कुठली हे नंतर ओळखता येतं. अशी एक फाइल साधारण २५ एमबीची होते.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. चित्राचा जिलेटिनचा थर काचेवर राहतो आणि हाती कोरा कागद येतो. तो काचेसकट स्कॅन करा.

फोटोची पाठ वेगळी स्कॅन करायची. बहुतेकजण इथेच आळस करतात. स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल, तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. चित्रातल्या पाट्याही वाचा. सांगलीकडच्या फोटोत ‘जि. दक्षिण सातारा’ (सांगली जिल्ह्याचं तेव्हाचं नाव) दिसलं, तर पाटी १९४९ ते १९६० मधली. ‘नये पैसे’ (आणे जाऊन आलेले दशमान पैसे) असतील, तर फोटो १९५७ च्या आधीचा नाही. पाट्या मात्र वर्षानुवर्षं तशाच लटकत असतात. त्यामुळे फोटो कधीच्या आधीचा नाही एवढंच त्यांवरून ठरतं.

नावांसाठी ए-फोर आकाराची प्रत काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि वयस्कर माणसांना एकेकटं गाठून विचारा. चौघांत बसवलं की मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं. बायकांची नोंद ‘पाटलांची सून’ एवढ्यावर सोडू नका. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही लिहा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह.

मूळ फोटोवर बॉलपेन नको, दाब उलट बाजूला उमटतो. पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच क्रमांक घाला. फाइलचं नावही त्याच क्रमांकाचं. पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकट पानांचे अल्बम टाळा. आम्लमुक्त कागदाची पाकिटं घ्या, डबा घराच्या आतल्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवा. पावसाचं पाणी झिरपणारी भिंत असली की बुरशी आलीच. पावसाळा संपला की प्रत्येक पाकीट एकदा उघडून पाहा.

फाइलींच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि फोटो कुठे लावायचा, कुठे नाही, हे घरच्यांकडून त्याच दिवशी लिहून घ्या.