‘ककुद’ या शब्दाचा माग कसा काढावा

प्राण्याच्या अवयवाचे जुने नाव वाचनात आले की प्रथम व्युत्पत्तीच्या मागे न लागता ते नाव शरीराच्या नेमक्या कोणत्या भागाचे आहे, हे निश्चित करावे. ‘ककुद’ म्हणजे बैलाचे वशिंड, अर्थात खांद्यावरचा स्नायू आणि चरबी यांचा उंचवटा. उंटाच्या पाठीवरील मदारीशी त्याची गल्लत करू नये.

त्यानंतर कोश उघडावा आणि त्यातील ओळ विभक्तीसह वाचावी. अमरकोशात ‘प्राधान्ये राजलिङ्गे च वृषाङ्गे ककुदोऽस्त्रियाम्’ असे आहे. येथील सप्तम्यंत शब्द अर्थ सांगतात: श्रेष्ठत्व, राजचिन्ह आणि बैलाचा अवयव; ‘अस्त्रियाम्’ हा शब्द लिंग सांगतो, म्हणजे हा शब्द पुल्लिंगी व नपुंसकलिंगी चालतो, स्त्रीलिंगी नाही. कळपात वशिंड सर्वांत आधी नजरेत भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे अवयवाचा शब्द श्रेष्ठत्वापर्यंत कसा पोहोचला असावा, ते सहज उमगते.

माझ्या मते खरा आधार मिळतो तो व्याकरणात, कारण तेथे शब्द वापरात असलेला दिसतो. पाणिनीच्या ‘ककुदस्यावस्थायां लोपः’ (५.४.१४६) या सूत्रानुसार बहुव्रीहीतून जनावराचे वय किंवा अवस्था सांगायची असेल, तर ‘ककुद’मधला शेवटचा ‘अ’ गळतो. म्हणून वशिंड न फुटलेले वासरू ‘असंजातककुद्’ आणि वशिंड पुरते भरलेला बैल ‘पूर्णककुद्’; पण केवळ पांढऱ्या वशिंडाचा असेल, तर ‘श्वेतककुद’. वशिंड पाहून वय ओळखणाऱ्या माणसांची ही भाषा आहे, आणि एवढा बारकावा सूत्रात टिकून राहिला याचे मला फार अप्रूप वाटते.

आता सख्खे शब्द शोधावेत. ‘ककुभ्’ म्हणजे शिखर. त्याच नावाच्या वैदिक छंदात ८, १२, ८ अक्षरांचे चरण असतात, म्हणजे मधला चरण वशिंडासारखा वर येतो. लॅटिनमधील ‘काकूमेन’ या शिखरवाचक शब्दाशीही ‘ककुद्’ची तुलना केली जाते, त्यामुळे ‘उंच टोक’ हा अर्थ बराच जुना असावा, असे मानायला जागा आहे.

पुराणकथा मात्र जपून वापराव्यात. बैलरूपी इंद्राच्या वशिंडावर बसून लढलेला राजा तो ककुत्स्थ आणि त्याच्या वंशातला म्हणून राम काकुत्स्थ, ही कथा नावाचा अर्थ उलगडते. ‘ककुद’ हा शब्द त्याआधीच रूढ होता, एवढेच तिच्यावरून म्हणता येते.