थंडीच्या तोंडावर कमी कार्बनच्या सिमेंटचा रस्ता करताय? आधी कॅलेंडर काढा

अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या कडक थंडीच्या ठिकाणी काम असेल आणि मिक्समध्ये चुनखडीवालं सिमेंट आणि वर स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) असेल तर पेव्हर (काँक्रीट पसरवणारं यंत्र), ट्रक, माणसं याबद्दल मी काही सांगत नाही, ते तुम्ही करणारच. आधी कॅलेंडर काढा. बर्फ वितळवायला रस्त्यावर पहिलं मीठ कधी पडू शकतं ती तारीख लिहा आणि तिथून उलटं मोजा, महिनाभर हवेत सुकायला, त्याच्या आधी क्युअरिंगचे म्हणजे ओल टिकवून काँक्रीट मुरवायचे दिवस, आणि त्याच्याही आधी जी तारीख येते ती काँक्रीट ओतायची शेवटची तारीख. मागच्या वेळी मी ओतायच्या दिवसापासून पुढे मोजत गेलो आणि बर्फ गेल्यावर जॉइंटच्या (स्लॅबमधल्या जोडांच्या) कडेने पापुद्रे सुटले. आणि मिठाची तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर धरून निवांत बसू नका, 1991 मध्ये 31 ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळात मिनेसोटातल्या मिनियापोलिसला 28 इंचांवर बर्फ पडलं होतं.

कारण सरळ आहे, स्लॅग हळू काम करतो आणि थंडीत अजून हळू. लॅबमधला काँक्रीटचा चाचणी सिलिंडर 23 अंश सेल्सिअसला मुरतो, तुमचा स्लॅब 10 अंशांत कुडकुडतोय, मग 28 दिवसांच्या ताकदीचा तो छान आकडा स्लॅबला कसा लागू होईल? स्लॅबमध्येच मॅच्युरिटी सेन्सर टाका, तो आतलं तापमान नोंदवतो आणि त्यावरून खरी ताकद कळते. एकदा गोठणं सोसायला 3.5 मेगापास्कल ताकद पुरते, पण पुन्हा पुन्हा गोठणं-वितळणं सोसायला 24 तरी हवेत, आणि तेवढे यायला दिवस लागतात, म्हणून परत सांगतो, उलटं मोजा.

याला घाबरून स्लॅग काढून टाकू नका हं! कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं मीठ काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी मिळून ऑक्सिक्लोराइड बनवतं, ते फुगतं आणि जॉइंट कुरतडतं, तेही गोठणबिंदूच्या वरच. स्लॅग आणि फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) ते हायड्रॉक्साइड कमी करतात, म्हणजे हे मिक्स चांगलंच आहे, फक्त त्याला वेळ द्यायला लागतो. मिनेसोटात आय-94 महामार्गावर एमएनरोड या रस्ते-चाचणी केंद्रात 2022 साली असल्या मिक्सचे चाचणी तुकडे चालू रहदारीसाठीच केलेत.

गोठणं सोसायला काँक्रीटमध्ये मुद्दाम ठेवायचे हवेचे बुडबुडे: 6-7 टक्के, आणि ट्रकपाशी मोजून थांबू नका, पेव्हरच्या मागेही मोजा, व्हायब्रेटर हवा काढून टाकतो. फ्लाय अ‍ॅश असेल तर तिच्यातला कार्बन हवेचं अ‍ॅडमिक्स्चर (बुडबुडे करणारं रसायन) पिऊन टाकतो, लोड बदलला की आकडा बदलतो. सिमेंट, स्लॅग वगैरेंच्या एकूण वजनाशी पाण्याचं प्रमाण 0.40 च्या आसपास. फिनिशिंगला वरून पाणी शिंपडू देऊ नका, कोणी कितीही मागितलं तरी नाही, वरचा थर तिथेच कमजोर होतो.

क्युअरिंग कंपाऊंड (ओल धरून ठेवणारा फवारा) लगेच, भरपूर, कडांनाही. थंडीत स्लॅब झाकायची ब्लँकेटं आदल्या दिवशीच साइटवर. काँक्रीट हळू घट्ट होतं म्हणून सॉ कट (जॉइंटसाठी करवतीने घ्यायचा काप) उशिरा घ्यावा लागेल, रात्रपाळीची माणसं ठेवा.

तारीख बसत नसेल तर काम वसंतावर ढकला, क्लायंट चिडला तरी चालेल. बसत असेल तर बर्फ काढणाऱ्यांना लेखी कळवा, पहिल्या हिवाळ्यात जमेल तिथे फक्त वाळू. जॉइंटमधलं पाणी निघून जातंय ना, तेवढं बघा.