क्लोरीनयुक्त पाण्यासाठी फ्लो मीटर: साहित्य कसे निवडावे

फ्लो मीटर, म्हणजे पाइपमधला प्रवाह मोजणारे उपकरण, घेताना बहुतेकांची नजर बाहेरच्या बॉडीवर असते. परंतु क्लोरीनयुक्त पाण्यात मीटर बिघडतो तो बहुधा ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबरी कडी), बेअरिंग, शाफ्ट किंवा इलेक्ट्रोड (पाण्याला टेकणारे विद्युत-टोक) अशा लहान भागांमुळे. त्यामुळे पाण्याचा स्पर्श होणाऱ्या प्रत्येक भागाचे साहित्य उत्पादकाकडून लेखी मागवावे.

त्याआधी पाइपमधून नेमके काय वाहणार आहे, हे निश्चित करावे. नळाच्या पाण्यात मुक्त (जंतुनाशनासाठी अजून शिल्लक असलेला) क्लोरीन साधारणपणे लिटरमागे ०.२ ते १ मिलिग्रॅम असतो, पोहण्याच्या तलावात सुमारे १ ते ३ मिलिग्रॅम. डोसिंगसाठीचे, म्हणजे पाण्यात क्लोरीनची मात्रा सोडण्यासाठीचे, सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण मात्र १० ते १२ टक्के तीव्रतेचे आणि अतिशय अल्कधर्मी असते. पहिल्या दोन्हींसाठी योग्य ठरलेला मीटर तिसऱ्यासाठी योग्य असेलच, असे मुळीच नाही.

स्टेनलेस स्टीलबाबत ढोबळ मर्यादा अशी, की सामान्य तापमानाला ३०४ ग्रेड लिटरमागे २ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीनपर्यंत आणि ३१६ ग्रेड ५ मिलिग्रॅमपर्यंत वापरता येते. पाणी गरम असेल, साचून राहत असेल किंवा त्यात क्लोराइड जास्त असेल, तर त्याआधीच धातूला बारीक खड्डे पडू लागतात. हायपोक्लोराइटसाठी दोन्ही ग्रेड टाळावेत. तेथे पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी या प्लास्टिकची बॉडी घ्यावी. विद्युतचुंबकीय मीटर असल्यास पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर आणि टायटॅनियमचे इलेक्ट्रोड मागावेत, आणि ग्राउंडिंग रिंगही (द्रवाला विद्युत-भूजोडणी देणारी कडी) त्याच दर्जाची आहे ना, हे विचारण्यास विसरू नये, कारण ती अनेकदा साध्या स्टेनलेस स्टीलची निघते.

प्लास्टिक म्हटले की गंज नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. टर्बाइन मीटरमध्ये (प्रवाहाने फिरणाऱ्या पात्यांच्या मीटरमध्ये) सर्रास आढळणारे अॅसिटल आणि नायलॉन ही प्लास्टिके क्लोरीनमुळे हळूहळू ठिसूळ होऊन तडकतात. त्यांच्याऐवजी सिरॅमिकचा शाफ्ट आणि नीलमण्याचे बेअरिंग निवडावे.

सीलसाठी नायट्राइल रबर नको. नळाच्या पाण्यासाठी पेरॉक्साइडने क्युअर केलेले (पक्के केलेले) ईपीडीएम रबर चांगले चालते. हायपोक्लोराइटसाठी एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) घ्यायचे झाल्यास त्याचा नेमका ग्रेड विचारावा, कारण काही ग्रेड अल्कधर्मी द्रावणात टिकत नाहीत.

शंका उरत असेल आणि पाइप योग्य साहित्याचा असेल, तर पाइपवर बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मोजणारा) मीटर घ्यावा; त्याचा पाण्याशी संपर्कच येत नाही.