पहिली क्रूझ: तिकीट काढण्यापासून जहाजावरून उतरेपर्यंत

क्रूझची जाहिरात तुम्हाला जहाज दाखवते. पाण्याच्या घसरगुंड्या, नाट्यगृह, पंधरा-वीस मजले. पहिल्यांदा जाणारा माणूस साहजिकच त्याला भुलतो आणि जहाज आवडलं की पैसे भरून मोकळा होतो. सहल बरी होणार की धावपळीची, हे मात्र ठरवतं एक साधं कोष्टक: कुठल्या दिवशी कुठलं बंदर, किती वाजता पोहोचणार, किती वाजता निघणार. म्हणून सुरुवात तिथून.

१. आधी वेळापत्रक वाचा, मग जहाज बघा

कोष्टकात ‘रोम’ लिहिलेलं असतं, पण जहाज रोमला जात नाही. ते लागतं चिविताव्हेक्याला, रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, रस्त्याने जवळजवळ २०० किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग, तेही शंभराहून जास्त किलोमीटर लांब. त्यामुळे प्रत्येक बंदराचं खरं नाव शोधा आणि शहरापर्यंतचा प्रवास धरून हिशेब मांडा. समजा जहाज ल आव्रला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. उतरायला अर्धा-पाऊण तास, परत चढायची मुदत साडेचारची, आणि पॅरिसला बसने जायला-यायला मिळून पाच तास. पॅरिससाठी उरले तीन तास, तेही रस्ता मोकळा मिळाला तर. मग त्या दिवशी पॅरिसचा हट्ट धरायचा की बंदराजवळचं एखादं गाव निवांत बघायचं, हे घरी बसूनच ठरवलेलं बरं.

दुसरी गोष्ट, कोष्टकात ‘टेंडर’ असा शब्द आहे का ते बघा. याचा अर्थ जहाज धक्क्याला लागणार नाही. बाहेर नांगर टाकेल आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतील. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर असंच होतं. बोटीसाठी रांग, वर गावात जायला केबल कारची रांग, परतताना पुन्हा दोन्ही. समुद्र खवळला तर टेंडर बंद आणि ते बंदरच रद्द. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं, कारण डुलणाऱ्या बोटीत पाय टाकणं सोपं नसतं.

किती रात्रींची सहल घ्यावी? माझं मत चार किंवा पाच. तीन रात्रींच्या सहलीत पहिला दिवस चढण्यात आणि शेवटची संध्याकाळ सामान बांधण्यात जाते. जहाजावरचे रस्ते कळेपर्यंत उतरायची वेळ होते. वसंतात आणि शरदात काही जहाजं कॅरिबियन आणि युरोप यांच्यामध्ये जागा बदलतात; तेव्हाचं भाडं मोहात पाडण्याइतकं कमी असतं. पण त्यात सलग सहा-सात दिवस नुसतं पाणीच दिसतं. पहिल्या खेपेला ते नको. तसंच कॅरिबियनचं भाडं ऐन पावसाळी महिन्यांत पडतं, त्यालाही कारण आहे: अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. वादळ दिसलं की जहाज वळसा घालून जातं, त्यामुळे जिवाला घोर नसतो, पण ज्या बेटासाठी तिकीट काढलं तेच गळू शकतं. मार्ग बदलायचा अधिकार कॅप्टनला असतो आणि तो तिकिटाच्या करारात लिहिलेला असतो. बंदर गळलं तर बहुधा त्या बंदराचं शुल्क तेवढं परत मिळतं.

२. केबिन: काय आहे यापेक्षा कुठे आहे

आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट, असे साधारण चार प्रकार. पण झोप लागणार की नाही हे प्रकारावर कमी आणि जागेवर जास्त अवलंबून असतं. जहाज सर्वांत कमी हलतं ते मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. पुढच्या टोकाला आणि वर चढत जाल तसा डोल वाढतो. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते त्यावर बघा. वर पोहण्याच्या तलावाचा मजला असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली नाचाचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ठेका ऐकू येतो. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा उत्तम.

‘गॅरंटी’ नावाचं स्वस्त तिकीट म्हणजे प्रकार पक्का, पण केबिन कंपनी देईल ती. बोट लागण्याची भीती असेल तर थोडे जास्त पैसे मोजून स्वतः केबिन निवडा. खिडकीच्या केबिनमध्ये ‘दृश्यात अडथळा’ असं बारीक अक्षरात लिहिलं असेल, तर खिडकीबाहेर बहुधा जीवरक्षक नौका टांगलेली असते. बाल्कनीचे पैसे नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये (डोंगरांमध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांत) किंवा अलास्कात वसूल होतात. रोज नवं बंदर असलेल्या सहलीत मात्र केबिनमध्ये तुम्ही झोपायलाच येता.

३. भाड्यात काय नाही ते लिहून काढा

जाहिरातीतलं भाडं बहुधा माणशी असतं, आणि एका केबिनमध्ये दोघं राहणार असं गृहीत धरून. एकट्याने जाणाऱ्याला ते कधीकधी जवळजवळ दुप्पट पडतं. केबिन, मुख्य भोजनगृह, बुफे, नाटकं-गाणी, तलाव हे त्यात येतं. मद्य, बाटलीबंद पेयं, खास रेस्टॉरंटं, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा आणि धुलाई बहुतेक जहाजांवर वेगळी. शिवाय सेवकवर्गाची बक्षिसी दर माणशी दर दिवशी खात्यावर आपोआप लागते, अनेक कंपन्यांत मुलांचीही. या सगळ्याची बेरीज करून मगच दोन जहाजांच्या भाड्यांची तुलना करा. जे स्वस्त वाटत होतं ते नेहमीच स्वस्त निघत नाही.

पेयांचं पॅकेज घेताना दोन गोष्टी बघा. केबिनमधल्या एकाने घेतलं तर बाकीच्या प्रौढांनाही घ्यावं लागतं, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. आणि बंदरात उतरलेल्या दिवशीही त्याचे पैसे चालू राहतात.

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचं कार्ड हेच पाकीट, आणि ते तुमच्या बँकेच्या कार्डाला जोडलेलं. डेबिट कार्ड जोडलं तर काही रक्कम अडकवून ठेवली जाते आणि सहल संपल्यावर काही दिवसांनी सुटते. शक्य असेल तर क्रेडिट कार्ड द्या. जहाजाच्या अ‍ॅपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर एक दिवसाआड हिशेब बघत जा.

फोनचं बिल हा सगळ्यांत वाईट धक्का. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रहावरच्या नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. बंदर सोडण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मग फक्त वाय-फाय सुरू करा.

४. पासपोर्ट, व्हिसा, विमा

पासपोर्टची मुदत सहल संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. जहाज थांबणाऱ्या प्रत्येक देशाचा व्हिसा लागतो का ते तपासा, तिथे अर्धा दिवसच थांबणार असलं तरीही. काही देशांसाठी, तुम्ही उतरणार नसलात तरी, तो हातात असावा लागतो. एक खाचखळगा असा, की जहाज इटलीहून निघून तुर्कस्तानला जाऊन पुन्हा ग्रीसला येत असेल, तर तुम्ही शेंगेन क्षेत्रातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडून परत आत येता. म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. अनेक प्रवेशांचा लागतो. कागद अपुरे निघाले तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि पैसेही जातात.

विमा घेताना परदेशातला उपचार आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च, दोन्ही त्यात आहेत याची खात्री करा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी भरावी लागते. बहुतेक मोठ्या कंपन्या गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागलेल्या किंवा सहलीदरम्यान लागणार असलेल्या स्त्रियांना घेत नाहीत. बाळ सहा महिन्यांचं तरी हवं, महासागर ओलांडणाऱ्या लांब सहलींसाठी एक वर्षाचं.

५. दोन बॅगा, दोन कामं

मोठी बॅग टर्मिनलवर हमालाच्या ताब्यात जाते आणि संध्याकाळपर्यंत, कधी रात्री, केबिनच्या दारात येते. म्हणून पासपोर्ट, औषधं, दागिने, चार्जर, चष्मा आणि पोहण्याचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवून ती हमालाला देणारे लोक रोज भेटतात, असं कुठल्याही टर्मिनलवरचा कर्मचारी सांगेल.

इस्त्री, किटली, मेणबत्त्या, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड या वस्तू आगीच्या भीतीने काढून घेतात. केबिनमध्ये सॉकेट मोजकेच असतात, तेव्हा एकाच वेळी चार फोन लावता येणारा साधा यूएसबी चार्जर कामी येतो. भिंती बहुधा पोलादी असतात. लोहचुंबकाचे हुक टोप्या, पिशव्या, ओले कपडे टांगायला बरे पडतात. उष्ण समुद्रावरही एक जाकीट घ्या. डेकवर वारा असतो आणि भोजनगृहात एसी.

६. चढण्याचा दिवस

निघण्याच्या बंदरावर आदल्या दिवशी पोहोचा. हा सल्ला कंजूस माणसाला पटत नाही, कारण त्यात हॉटेलची एक रात्र जाते. पण विमान चार तास उशिरा आलं तर जहाज थांबत नाही, आणि सुटलेलं जहाज पुढच्या बंदरात गाठायचं तर तिकीट, हॉटेल, कदाचित व्हिसा, सगळं आपलं आपण बघावं लागतं. ऑनलाइन चेक-इन घरीच उरका, बॅगेचे टॅग छापून लावा आणि चढण्यासाठी दिलेली वेळ पाळा.

त्या दिवशीची एक गोष्ट कंटाळवाणी वाटली तरी मन लावून करायची, ती म्हणजे सुरक्षा कवायत. आपलं जमण्याचं ठिकाण कुठे, लाइफ जॅकेट कसं घालायचं हे त्यात कळतं. धोक्याचा इशारा म्हणजे सात किंवा जास्त लहान भोंगे आणि शेवटी एक लांब. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीतल्या जील्यो बेटाजवळ खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्याहून चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २४ तासांत कधीही घेतली तरी चालत असे. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावी लागते. हल्ली तिचा काही भाग फोनवर बघता येतो, पण जमण्याच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन हजेरी लावावीच लागते. जाताना जिन्याने जा. खऱ्या प्रसंगी लिफ्ट नसते.

७. बोट लागली तर

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात आणि ते डोल बराच कमी करतात, तरी समुद्र शेवटी समुद्रच. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच नीट काम करते. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट किंवा कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी यांपैकी काय चालेल हे घरच्या डॉक्टरांना विचारा. काचबिंदू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय पट्टी लावूच नये. गोळीने झोप येते, त्यावर मद्य नको. मळमळ सुरू झालीच तर जहाजाच्या मध्यभागी मोकळ्या डेकवर जा आणि क्षितिजाकडे बघा. पुस्तक आणि फोन खाली ठेवा. पोट रिकामं ठेवू नका, थोडं कोरडं खा. आल्याने अनेकांना आराम पडतो.

जुलाब-उलट्यांची साथ ही दुसरी काळजी. ती बहुधा नोरोव्हायरसची असते आणि त्यावर हाताला लावायचं जेल फारसं चालत नाही. बुफेत शिरताना जेल देणारा माणूस हसून उभा असतो. त्याच्याकडून जेल घ्या, पण आधी साबण-पाण्याने हात धुवा. आजारी पडलात तर लपवू नका, जहाजाच्या दवाखान्यात कळवा. दोन दिवस केबिनमध्ये बसवतील, तेवढं सोसायचं.

८. बंदरात

जहाजाची वेळ आणि गावाची वेळ एकच असेल असं नाही. फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून घड्याळ आपोआप बदलतो आणि माणसं एक तास उशिरा परततात. मनगटावर साधं घड्याळ घालून त्यात जहाजाची वेळ लावा. परत चढण्याची मुदत सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास असते, ती रोजच्या पत्रकात छापलेली असते. त्याच पत्रकात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

कंपनीची सहल महाग आणि गर्दीची, पण तिची बस अडकली तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवते. स्वतः गेलात तर ती हमी नाही. बघण्याजोगं ठिकाण चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर आपलं आपण जावं. दोन तास लांबच्या शहराला जायचं असेल तर कंपनीबरोबर. जाताना केबिनचं कार्ड आणि ओळखपत्र विसरू नका.

९. उतरताना

शेवटच्या रात्री मोठी बॅग टॅग लावून दाराबाहेर ठेवायची असते आणि ती सकाळी टर्मिनलवरच भेटते. सकाळी घालायचे कपडे, बूट आणि औषधं बाहेर काढली आहेत ना, हे बॅग बंद करण्यापूर्वी बघा. सगळं सामान स्वतः उचलता येत असेल तर ते घेऊन सर्वांत आधी उतरायची सोयही असते. जहाज सकाळी सहा-सातला लागलं तरी तपासण्या होऊन बाहेर पडायला नऊ-दहा वाजू शकतात, म्हणून परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. बिल आदल्या रात्रीच ओळ न् ओळ वाचा आणि चूक दिसली तर तेव्हाच रिसेप्शनला जा. सकाळी तिथे लांबलचक रांग असते आणि तुमच्या गटाला उतरायला बोलावणं आलेलं असतं.