सुपरहिरो कॉमेडी कॉमिकचं पॅरडी कव्हर कसं काढायचं

कॉमेडी सुपरहिरो सिरीजचं कव्हर काढायला बसलं की हात आपोआप कार्टूनी व्हायला लागतो, म्हणजे डोळे बाहेर आलेले, पोट सुटलेलं, जीभ लोंबतेय आणि वर चार कोपऱ्यांत चार जोक. असं करू नका. पॅरडी कव्हर म्हणजे एखाद्या गाजलेल्या कव्हरची गमतीशीर नक्कल, त्यात एकच गोष्ट बदलायची असते, बाकी सगळं मूळ कव्हरइतकंच सिरियसली काढायचं, जमलं तर त्याहून जास्त. १९५३ साली मॅड या अमेरिकन विनोदी कॉमिकच्या चौथ्या अंकात सुपरमॅनची पॅरडी आली होती, हार्वी कर्ट्झमनने लिहिलेली आणि वॉली वूडने काढलेली, ती शोधून नीट बघा. वूडने कुठेही हात आखडता घेतलेला नाही, सावल्या बघा, मसल्स बघा, मागची गर्दी बघा, सगळं एकदम कसून काढलंय आणि त्यामुळेच असा दणकट हिरो फालतू वागायला लागला की हसू आवरत नाही.

तर पहिलं काम म्हणजे कव्हर निवडणं. इथे आपलं आवडतं कव्हर आणि पॅरडीला चालणारं कव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्ट सोपी आहे, कव्हरचा फोटो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करा, लोगो बोटाने झाका, आणि तरी ओळखू येतंय का बघा. अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जून १९३८, चित्रकार जो शुस्टर, डोक्यावर हिरवी गाडी उचललेला सुपरमॅन, हे पास होतं. क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्सचा सातवा अंक, १९८५, जॉर्ज पेरेझ, रडणारा सुपरमॅन आणि त्याच्या हातांवर निपचित सुपरगर्ल, पास. एक्स-मेनचा १४१ वा अंक, चित्रकार जॉन बर्न, सर्चलाइटच्या गोलात भिंतीशी अडकलेले दोघं आणि मागे मेलेल्या-पकडलेल्यांचं पोस्टर, हेही पास, आणि यात तर पोस्टरवरचे शिक्के बदलले तरी जोक तयार होतो. पण नुसते दहा हिरो उड्या मारत समोर येतायत अशी कव्हरं शेकड्यांनी आहेत, त्यातलं एखादं तुम्हाला कितीही प्रिय असलं तरी वाचणाऱ्याला ते ओळखूच येणार नाही, आणि ओळख पटली नाही तर पॅरडी कसली.

आता अ‍ॅक्शन कॉमिक्सचंच कव्हर घेऊन बघू, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे. तुमच्या सिरीजचा हिरो समजा महाताकदवान आहे पण पोटापाण्यासाठी हॉटेलबाहेर लोकांच्या गाड्या पार्क करायचं काम करतो. मूळ चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात एक माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून आपल्या दिशेने पळतोय, घाबरून तोंड वासलेलं. खरं म्हणजे त्या कव्हरची सगळी दहशत त्या एका माणसाच्या चेहऱ्यावर उभी आहे, तो काढून टाका, मग गाडी उचलणारा हिरो नुसता व्यायाम करताना वाटेल. म्हणून आपला बदल तिथेच करायचा. माणूस तसाच, पोझ तशीच, डोकं धरलेलं तसंच, फक्त त्याच्या एका बोटात गाडीच्या किल्लीची रिंग अडकलेली दाखवायची. बस्स. वाचणाऱ्याची नजर आधी हिरोवर जाते, मग गाडीवर, आणि मग घसरत या कोपऱ्यातल्या माणसावर येते, तोवर त्याने कव्हर ओळखलेलं असतं आणि शेवटी त्याला किल्ली दिसते. जोक नजरेच्या वाटेच्या शेवटी हवा, हे कुठल्याही पॅरडी कव्हरला लागू आहे, मधोमध ठेवलात तर ओळख पटायच्या आधीच जोक संपतो.

पण ही किल्ली दिसली पाहिजे! केसांवर किंवा कोटावर आली तर ती हरवणार. ती मागच्या पिवळ्या भडक्यावर येईल अशी बोटं थोडी बाहेर वळवा, रिंगमधून आरपार पिवळा रंग दिसू दे, किल्लीची आउटलाइन बाकी चित्राच्या आउटलाइनपेक्षा जराशी जाड ठेवा, आणि खऱ्या मापापेक्षा दीडपट मोठी काढली तरी कोणाला खटकत नाही. हिरोचा चेहरा मात्र गंभीरच. डोळा मारणारा हिरो काढायचा मोह होतो पण तो मनापासून गाडी पार्क करतोय असंच त्याच्या चेहऱ्यावर हवं, त्याला त्यात काही गंमत वाटत नाहीये.

टीम असलेली सिरीज असेल तर १९८७ च्या जस्टिस लीगच्या पहिल्या अंकाचं कव्हर अभ्यासाला घ्या, केव्हिन मॅग्वायरचं. कीथ गिफेन आणि जे. एम. डीमॅटिस यांची ही सिरीज स्वतःच कॉमेडीकडे झुकलेली होती, आणि या कव्हरच्या नकला आजही निघतात. कॅमेरा वर आहे, सगळे मान वर करून आपल्याकडे बघतायत, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा, कोण रागात, कोण कंटाळलेलं, कोण निवांत. इथे जोक कपड्यांत नाही, ते कुठून बघतायत यात करायचा. कडेने लिफ्टचा आरसा आणि बटणं काढा, झालं, आख्खी टीम लिफ्टमध्ये अडकून सीसीटीव्हीकडे बघतेय. या कव्हरला जास्त वेळ चेहऱ्यांना द्या, मित्रमंडळींना उभं करून स्टुलावर चढून वरून फोटो काढा, कारण वरून बघताना कपाळ मोठं होतं, हनुवटी आत जाते, खांदे डोक्याच्या मागे सरकतात आणि हे मनाने काढायला गेलं की हमखास चुकतं.

मूळ चित्र ट्रेस करायचं का? अभ्यासासाठी करा, खुशाल करा. वर पातळ कागद ठेवून फक्त मोठे आकार आणि तिरक्या रेषा उतरवा, कोण कुठे आहे, रिकामी जागा कुठे आहे, बास, आणि मग मूळ चित्र बंद करून त्या सांगाड्यावर तुमची पात्रं तुमच्या हाताने काढा. ट्रेस केलेली रेघ मेलेली दिसते, आणि दुसऱ्याची रेघ उचलणं बरंही नाही.

मापाचं लवकर सांगतो. अमेरिकन कॉमिकचं पान साधारण ६.६ बाय १०.२ इंच असतं, तिकडचे लोक ११ बाय १७ इंचाच्या बोर्डावर काढतात, आपल्याकडे ए-३ सहज मिळतो आणि तोही चालतो, त्यावर १० बाय १५.५ इंचाची चौकट आखा, प्रमाण बरोबर बसतं. चौकटीबाहेर चारही बाजूंनी ५ मिलिमीटर चित्र वाढवा, ते कटिंगमध्ये जातं. जाड कार्ट्रिज किंवा ब्रिस्टल कागद, वॉटरप्रूफ काळी शाई, ब्रश नाहीतर निब. टॅबवर क्रिटा, प्रोक्रिएट, क्लिप स्टुडिओ यातलं चित्र काढायचं कुठलंही अ‍ॅप चालेल, फक्त रेघांची फाइल ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) ठेवा.

वरचा साधारण पाव भाग लोगोसाठी रिकामा ठेवायचाच, आणि बारकोड बहुतेक वेळा खाली डावीकडे येतो, म्हणजे आपली किल्ली जिथे आहे नेमकं तिथे! म्हणून बारकोड उजवीकडे किंवा मागच्या कव्हरवर टाकायचं आधीच ठरवून घ्या, छपाईच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं तर फार धावपळ होते.

लोगो मराठीत असेल तर तो फॉन्टने टाकू नका, हाताने काढा, प्लीज. जुन्या सुपरहिरो लोगोत अक्षरं लाकडी ठोकळ्यांसारखी जाड होऊन मागे पळत जातात, आणि देवनागरीत शिरोरेखा असल्यामुळे हे मस्त जमतं, तीच एक सलग तुळई म्हणून पर्स्पेक्टिव्हमध्ये काढायची आणि अक्षरं तिला लोंबवायची. फक्त वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडा, नाहीतर रफार हिरोच्या केसांत घुसतो.

रंगांत जुना लुक हवा असेल तर संयम पाळा. जुन्या कॉमिकच्या आतल्या पानांत सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा हे तीनच रंग २५, ५० आणि १०० टक्क्यांत वापरले जायचे, पांढरं धरून ६४ छटा व्हायच्या, शिवाय काळा. गोऱ्या कातडीला २५ टक्के पिवळा आणि २५ टक्के मॅजेंटा. कव्हरला याहून थोडी मोकळीक असायची, पण तुम्ही याच ६४ मध्ये राहिलात तर चित्र लगेच त्या काळातलं दिसायला लागतं. जुन्या छपाईत फिक्या छटा ज्या ठिपक्यांनी बनायच्या तसे मोठे मोठे डॉट मात्र पसरवू नका, कव्हर चकचकीत कागदावर छापलं जायचं आणि तिथले डॉट आतल्यापेक्षा बारीक असायचे. ग्रेडियंट, ग्लो वगैरे ८० च्या आधीच्या कव्हरच्या पॅरडीत अजिबात नको.

शेवटचं पण महत्त्वाचं, श्रेय. या धंद्यात रीत आहे की सहीखाली मूळ चित्रकाराचं नाव द्यायचं, आफ्टर शुस्टर, आफ्टर पेरेझ असं, म्हणजे त्यांच्या चित्रावरून काढलेलं. ते बारीक अक्षरात का होईना, कव्हरवरच लिहा, आतल्या पानावर नको. मूळ कंपनीचा लोगो, छातीवरचं चिन्ह, हिरोचा ड्रेस यातलं काही उचलू नका, घ्यायची ती फक्त मांडणी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली टीका आणि समीक्षेसाठी सूट आहे पण पॅरडी हा शब्द तिथे नाही, त्यामुळे नुसतं घरी काढणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं, विकणार असाल तर आधी जाणकार वकिलाला दाखवा. आणि छापायला देण्याआधी एक प्रिंट खऱ्या मापात काढून सुपरहिरो कॉमिक वाचणाऱ्या कोणाच्या तरी हातात काही न सांगता द्या. आधी कव्हर ओळखलं आणि मग किल्ली दिसली तर फाइल पाठवा, आधी किल्ली दिसली तर ती थोडी लहान करा.