गायडेड बाय व्हॉइसेस ऐकायला सुरुवात कुठून करायची (ठाणे-वाशी लोकलवाल्यांसाठी)

ह्या बँडचे अल्बम इतके आहेत की नवीन माणूस यादी बघूनच पळतो, त्यामुळे यादी बघूच नका. 1994 चा 'बी थाउजंड' घ्या, बस. 20 गाणी, साधारण 36 मिनिटं, म्हणजे ठाण्याला 9-10 नंबरवरून वाशी गाडी पकडली की जवळपास सगळा ऐकून होतो.

आधी घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. शफल बंद, आणि क्रॉसफेडसुद्धा (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळवणारी सेटिंग) बंद करा, हे बरेच जण विसरतात. गाणी दीड-दोन मिनिटांची, काही तर त्याहून छोटी, एक संपतं न संपतं तोच दुसरं अंगावर येतं आणि तीच तर मजा आहे, क्रॉसफेडने त्याचा पार लगदा होतो.

आता मेन गोष्ट. पहिल्याच गाण्यात गिटार मध्येच गायब होते, परत येते. इअरफोनची वायर हलवू नका, रेकॉर्डिंगच तसं आहे. अमेरिकेतल्या ओहायोमधलं डेटन हे ह्यांचं गाव, गायक रॉबर्ट पोलार्ड 14 वर्षं शाळेत मास्तर होता, चौथीच्या वर्गाला शिकवायचा आणि मित्रांना घेऊन घरातच फोर-ट्रॅक कॅसेट मशीनवर (साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरता येतात ते) गाणी रेकॉर्ड करायचा. त्यामुळे मागे टेपची खरखर आहेच. आमच्या बाबांनी टेपरेकॉर्डरवर आजीच्या ओव्या भरून ठेवल्यात, मधेच कुकरची शिट्टी येते, आणि मला ती शिट्टी काढलेली ओवी नकोच आहे कारण त्या शिट्टीमुळे आमचं स्वयंपाकघर ऐकू येतं. तसंच ऐका हे. दोन-तीन गाण्यांत कान सरावतो आणि मग खरखरीच्या खालून ज्या चाली वर येतात ना, एकदम साठच्या दशकातल्या ब्रिटिश पॉपसारख्या गोड, त्या दिवसभर सुटत नाहीत.

नाहीच जमलं तर 2001 चा 'आयसोलेशन ड्रिल्स' लावा, तो नीट स्टुडिओतला आहे, आवाज स्वच्छ. पण मग 'बी थाउजंड'कडे परत या, प्लीज.

पुढचा नंबर 'एलियन लेन्स'चा (Alien Lanes), 1995, 28 गाणी 41 मिनिटांत. त्यानंतर 'प्रोपेलर', 1992. ह्याच्या फक्त 500 रेकॉर्ड काढल्या होत्या आणि प्रत्येकीचं कव्हर हाताने वेगळं बनवलेलं, मला हे वाचून अक्षरशः भरून आलं होतं, कारण तेव्हा ह्यांना डेटनबाहेर फारसं कोणी ओळखतही नव्हतं. 2004 ला बँड मोडला, 2010 ला जुने मेंबर परत जमले, 2017 चा 'ऑगस्ट बाय केक' हा पोलार्डचा शंभरावा अल्बम धरतात. त्या सगळ्याच्या मागे आत्ता लागू नका.

पहिल्यांदा ऐकताना कोणतं गाणं चिकटलं त्याचं नाव फोनमध्ये टाइप करून ठेवा, छोटी असल्याने नंतर सापडत नाहीत. आणि वाशी आलं तरी शेवटची दोन-चार गाणी उरलेली असतील, तर रिक्षाच्या लाइनकडे धावू नका, प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून ती पूर्ण ऐका.