आकडा अडला तरी झाकण उघडू नका : घरच्या केटल ग्रिलवर पोर्क शोल्डर

गच्चीवरच्या पार्टीत सळईवर टिक्के भाजायचा हात इथे कामाला येत नाही. तिथे आच मोठी आणि काम वीस मिनिटांचं. इथे नॉर्थ कॅरोलायनात डुकराचा खांदा धुरावर शिजतो तो मंद आचेवर, दहा-बारा तास, आणि त्यातले मधले काही तास माणसाचा अंत बघतात. बहुतेक कृतींमध्ये मसाल्यावर दोन पानं असतात आणि या मधल्या तासांवर एक ओळ. मी उलटं करणार आहे.

मांस. खाटकाकडे ‘बॉस्टन बट’ मागा. नावावर जाऊ नका, हा खांद्याचाच वरचा भाग. हाडासकट, ८ पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेतीन किलोच्या जरा वर. यात चरबी भरपूर, त्यामुळे तो तुमच्या चुका पोटात घालतो. ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) घालत नाही. ब्रिस्केट खायचं असेल तर सरळ बाहेर जा, आणि जायचं तर दुपारी बारालाच जा. चांगल्या ठिकाणी दुपारनंतर ‘संपलं’ अशी पाटी लागते. मागच्या अंगणात लाकडं रचलेली दिसली तर आत शिरा. मांसावर आधीच सॉस ओतून आणतात तिथे पुन्हा जाऊ नका.

मसाला. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. सकाळी मिरपूड, पॅप्रिका, थोडी ब्राउन शुगर. गुपित वगैरे काही नसतं.

आच. साधी गोल केटल ग्रिल (झाकणाची कोळशाची शेगडी) पुरते. कडेने कोळशाच्या ब्रिकेट्सची (दाबून केलेल्या वड्यांची) दुहेरी रांग लावा, वर्तुळाच्या दोन तृतीयांश भागापर्यंत, आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे ठेवा. एका टोकाला आठ-दहा पेटलेल्या ब्रिकेट्स टाकल्या की रांग हळूहळू जळत पुढे सरकते. मधे पाण्याचा ट्रे, वर जाळी, जाळीवर मांस. झाकणाची झडप पूर्ण उघडी, खालची जेमतेम उघडी. तापमान २२५ ते २५० फॅरनहाइट (१०७ ते १२१ सेल्सियस). झाकणावरच्या गोल काट्यावर विश्वास ठेवू नका, तो वरच्या हवेचं तापमान दाखवतो. दोन प्रोबवाला थर्मामीटर घ्या. एक प्रोब जाळीपाशी, एक मांसात. हे सगळं उघड्यावर. बंद बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये कोळसा पेटवणं जिवावर बेतू शकतं.

आता अडणं. पहिले चार-पाच तास मजेत जातात. मांसातला आकडा चढत राहतो, धूर निळसर आणि विरळ, घरभर वास. मग १५०-१६५ फॅरनहाइटच्या (६६-७४ सेल्सियस) आसपास आकडा थांबतो. तासभर हलत नाही. दोन तास हलत नाही. कधी कधी एखाद-दुसरा अंश खालीसुद्धा येतो. पाहुण्यांना सातची वेळ दिलेली असते आणि घरातून दर दहा मिनिटांनी ‘झालं का?’ येत असतं. या टप्प्याने मला फार छळलं आहे, म्हणून नीट सांगतो.

थर्मामीटर बिघडलेला नाही, कोळसाही विझलेला नाही. मांसाला घाम फुटलेला आहे. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे चाललंय : पृष्ठभागावरचा ओलावा उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. आच जितकी आत ढकलते तितकंच बाष्पीभवन बाहेर काढतं, म्हणून आकडा जागेवर. चरबी वितळताना उष्णता खाते म्हणून असं होतं, हे जुनं स्पष्टीकरण अजून लोक ऐकवतात. ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञाने चरबीचा गोळा आणि पाण्यात भिजवलेला स्पंज शेजारी शेजारी तापवून पाहिले. चरबी न थांबता तापत गेली, अडला तो स्पंज. विषय संपला.

एवढं कळलं की वाईट सल्ले आपोआप ओळखू येतात. ‘दर तासाला सफरचंदाचा रस फवारा’ म्हणजे घाम पुसून परत पाणी ओतणं, अडण्याचा काळ आणखी लांबतो. ‘आच वाढवा’ म्हटलं की वरचा थर करपतो, साखर कडू होते आणि आतलं मांस चिवटच राहतं. ‘उघडून बघा ना एकदा’ हा सगळ्यात महागडा. झाकण उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि कोळशाला हवा मिळून तो भडकतो. दोन्ही नुकसानं एकदम. टीव्हीवर मालिका लावून बसणाऱ्यांनी इथे विशेष जपा. एपिसोड संपला, उठले, झाकण उचललं, पुढचा एपिसोड, परत झाकण. पूर्ण सीझन संपतो आणि मांस तिथेच. मालिका जरूर बघा, पण थर्मामीटरचा रिसीव्हर सोफ्यावर घेऊन.

मग करायचं काय? वेळ असेल तर काहीच नाही, ओलावा संपला की आकडा आपणहून चढतो. वेळ नसेल तर गुंडाळा. मात्र अडला म्हणून लगेच नको. वरची साल (मसाल्याचा घट्ट थर) गडद तपकिरी झाली, नखाने खरवडून मसाला निघत नाही, असं दिसलं की मगच. त्याआधी गुंडाळलंत तर साल लिबलिबीत होते आणि पुन्हा जमत नाही. फॉइलमध्ये काम लवकर होतं, साल थोडी मऊ पडते. मेण नसलेल्या बुचर पेपरमध्ये साल टिकते, वेळ जरा जास्त लागतो. शोल्डरला मी फॉइलच वापरतो, दुहेरी, घट्ट. नाहीतरी शेवटी सगळं कुस्करायचंच असतं.

आणि एकदा गुंडाळलं की मांसाला धूर लागत नाही. मग पुढे कोळसा का जाळायचा? उचलून घरातल्या ओव्हनमध्ये २७५ फॅरनहाइटला (१३५ सेल्सियस) ठेवा. याला फसवणूक म्हणणारे भेटतील. त्यांना जेवायला बोलवा आणि सांगू नका.

झालं कधी? १९५ ते २०५ फॅरनहाइट (९१-९६ सेल्सियस). पण आकड्यापेक्षा हाताला विचारा. प्रोब लोण्यात शिरावा तसा शिरला पाहिजे आणि खांद्याचं पसरट हाड हलकेच ओढलं तरी स्वच्छ सुटून आलं पाहिजे. २०३ दाखवत असूनही हाड अडलं तर अजून अर्धा तास.

विश्रांती. निदान एक तास. रिकाम्या आइसबॉक्समध्ये जुने टॉवेल कोंबून फॉइलसकट ठेवा, तीन-चार तास सहज गरम राहतं. फक्त आतलं तापमान १४० फॅरनहाइटच्या (६० सेल्सियस) खाली जाऊ देऊ नका. म्हणूनच जेवण सातला असेल तर मांस तीनला तयार होईल असा हिशोब धरा. उशीर झाला तर सावरता येतं, लवकर झालं तरी बिघडत नाही.

सॉस. पूर्व कॅरोलायनातला : सायडर व्हिनेगर, लाल मिरचीचे फ्लेक्स, मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर. त्याच राज्यातल्या लेक्सिंग्टन गावाकडे त्यात थोडं केचप जातं. कुस्करलेल्या मांसावर आधी फॉइलमधला रस, मग हा.

बोर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की. मांस आइसबॉक्समध्ये गेल्यावर पेल्यात ओता, चाकू आणि निखारे आवरल्यावर. ताटात धूर असताना पेल्यात धुरकट स्कॉच नको. बोर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. व्हॅनिला-कॅरमेलचा वास त्या पिंपातून येतो आणि व्हिनेगरच्या आंबटपणाशी तो छान जमतो. बाटलीवर ‘बॉटल्ड इन बाँड’ असेल तर बिनधास्त घ्या. १८९७च्या कायद्यानुसार ती किमान चार वर्षं मुरलेली आणि ५० टक्के अल्कोहोलची असते. चार थेंब पाणी किंवा बर्फाचा एक मोठा खडा पुरे. महागडी बाटली सॉसमध्ये ओतू नका, व्हिनेगरपुढे तिचं काही चालत नाही.

उरलेलं मांस रसासकट छोट्या पिशव्यांतून फ्रीझ करा. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, झाकलेल्या कढईत मंद आचेवर. आणि पावात भरताना कच्चा कांदा हवाच.